भिंतीवरून गेलेली वायर

परभणीत सहा वर्षं मी ज्या घरात भाड्यानं राहिलो, त्या घरात मला नाव नव्हतं. मी ‘तीन नंबर’ होतो. माझी बायको ‘तीन नंबरच्या बाई’ आणि तिथंच जन्माला आलेली आमची लेक ‘तीन नंबरचं बाळ’. आमच्या घरमालकीणबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नोकरी सुटली, पण वॉर्डातली सवय काही सुटली नाही. एकदा मी धीर करून विचारलं, की आम्हाला नावानं का हाक मारत नाही? तर म्हणाल्या, “नावानं मारली का जीव गुततो. नंबरानं मारली का काम होतंय.” सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून आम्हीही सिस्टरच म्हणायचो.

जिन्याखाली घराचं मोठं मीटर आणि त्याच्या शेजारी भाडेकरूंचे तीन सबमीटर. प्रत्येकाखाली खिळ्याला एकेक तक्ता लटकवलेला, दवाखान्यात पेशंटच्या पायथ्याशी असतो तसला. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला सिस्टर चष्मा सावरत आकडा टिपायच्या. सकाळचा निळ्या पेनानं, संध्याकाळचा लाल पेनानं. मग ठिपके जोडून रेघ काढायच्या आणि रेघ वर गेली, की आमच्या दारावर थाप पडायची.

“ओ तीन नंबर, बुधवारी ताप चढला व्हता तुमाला. काय लावलं व्हतं?”

बुधवारी पाहुणे येणार म्हणून बायकोनं घरातल्या सगळ्या चादरींना इस्त्री केली होती. ते कबूल करेपर्यंत सिस्टर दारातून हलल्या नाहीत. दोन नंबरमध्ये कोर्टातले एक बेलीफ राहायचे. दिवसभर लोकांच्या दारांवर नोटिसा डकवणारा धिप्पाड गडी. पण जिन्यात सिस्टरच्या चपला वाजल्या, की हा माणूस गिझरचं बटण बंद करायला आत पळायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

स्वतःच्या घरात तर याहून कडक शिस्त. फ्रिज दिवाळीनंतर होळीपर्यंत बंद. टीव्ही फक्त बातम्यांपुरता. खोलीतून उठून कोणी दारापर्यंत गेलं आणि पंखा फिरत राहिला, तर त्या ओरडायच्या, “पंखा माणसाला असतोय, खोलीला न्हाई!” बिल आलं, की त्याला त्या ‘रिपोर्ट’ म्हणायच्या. रिपोर्टातला आकडा आणि त्यांच्या तक्त्यातला आकडा जुळला नाही, तर वीज ऑफिसातल्या माणसांचं त्या दिवशी काही खरं नसायचं. मी त्यांना मनातल्या मनात चिक्कू म्हणायचो. बायकोजवळ मोठ्यानंही म्हणायचो. आज त्याची लाज वाटते, पण म्हणायचो हे खरं.

छतावरच्या सोलरसाठी सरकार सबसिडी देतंय, हे परभणीत पसरलं, तेव्हा सिस्टर सगळ्यात आधी नाव नोंदवतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी दीड वर्ष घेतलं. एजंट पोरगा पहिल्यांदा आला तेव्हा गळ्यात टाय होता. चौथ्यांदा आला तेव्हा टाय नव्हता आणि हातात वही होती. सिस्टर विचारायच्या ते तो आधी लिहून घ्यायचा.

“धूळ बसली तर किती कमी बनतंय?”

“थोडं कमी, आजी.”

“आजी नगं म्हणू. थोडं म्हंजी किती? पेशंटला ताप हाय म्हणून डॉक्टरला सांगितलं, तर डॉक्टर विचारतो का न्हाई, किती हाय म्हणून?”

पोरगा वहीत लिहायचा. गारा पडल्या तर? वानरं नाचली तर? पाण्याच्या टाकीची सावली मकरसंक्रांतीला कुठं पडते आणि नागपंचमीला कुठं? शेवटचं तर त्याला कुठून माहीत असणार! सिस्टरना माहीत होतं. वर्षभर दर महिन्याला त्यांनी गच्चीवर टाकीच्या सावलीभोवती खडूनं रेघ ओढली होती आणि पाऊस पडला, की पुसलेली रेघ पुन्हा ओढली होती. ती रेघांची गुंतवळ बघून पोरगा खालीच बसला. जाताना मला हळूच म्हणाला, “काका, ह्या घेणार हायत का नुसत्याच विचारायल्यात?”

मी पतसंस्थेत कारकून. हिशोब माझ्याकडंच येणार. तीन किलोवॅटचा एक लाख नव्वद हजार खर्च, त्यातून सबसिडीचे अठ्ठ्याहत्तर हजार परत. म्हणजे पदरचे एक लाख बारा हजार. बिलात महिन्याला अठ्ठावीसशे वाचले, तर तीन वर्षं आणि चार महिन्यांत पैसे वसूल, पुढची वीस वर्षं जवळजवळ फुकट. दिवसा जास्तीची बनलेली वीज तारेतून बाहेर जाणार आणि रात्री तेवढीच बिलातून वजा होणार. मी कागद पुढं ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. सिस्टरनी कागद दोनदा वाचला, घडी घालून उशीखाली ठेवला आणि म्हणाल्या, “बरोबर हाय. पण अजून एक बघायचंय.”

ते काय, हे मला भर उन्हाळ्यात कळलं. सिस्टर आणि मी बाजारातून येत होतो. दुपारचे दोन, ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि लाइट गेलेली. मागच्या गल्लीत एका घरावर सोलरच्या नव्याकोऱ्या पाट्या चकाकत होत्या आणि त्याच घरची माणसं ओट्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. सिस्टर थांबल्या.

“डोस्क्यावर एवढं सोलर, अन् तुमी पुठ्ठ्यानं वारं घ्यायलाव?”

घरधनी आधीच चिडलेला होता. म्हणाला, “फसलो आमी सिस्टर! लाइट गेली का हे बी बंद पडतंय. एजंटानं सांगितलंच न्हाई.”

आम्हालाच काय, अर्ध्या परभणीला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. छतावर सोलर म्हणजे लाइट गेली तरी आपल्या घरी उजेड, अशीच सगळ्यांची समजूत. सिस्टरनी त्याच दिवशी एजंटला बोलावून घेतलं. पोरगा घाबरत घाबरत म्हणाला, की मुद्दामच तसं केलेलं असतं. खांबावर लाइनमन चढलेला असतो, लाइन बंद आहे समजून तार हातात धरतो, आणि अशा वेळी आपल्या छतावरची वीज तारेत गेली तर माणूस जागच्या जागी मरतो. मला वाटलं, आता याची खैर नाही. पण सिस्टर एकदम शांत झाल्या. म्हणाल्या, “मग बरोबर हाय. जळालेले लाइनमन म्या ड्रेसिंग केलेत. मग दुसरा उपाय सांग.”

दुसरा उपाय म्हणजे बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा वेगळा इन्व्हर्टर. वरती आणखी सव्वा लाख. आणि बॅटरीला सबसिडी नाही.

मी पुन्हा कागद मांडला. वसुलीच्या सव्वातीन वर्षांची सात वर्षं झाली. मी सांगितलं, की सिस्टर, हा वेडेपणा आहे. दिवसातून तास-दोन तास लाइट जाते, तेवढ्यासाठी सव्वा लाख? तुम्ही तर हिवाळ्यात फ्रिजसुद्धा लावत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, “तीन नंबर, जरा गप बसा अन् कान द्या.”

आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. मधल्या भिंतीपलीकडून एक घरघर येत होती. ती मी दोन वर्षं ऐकत होतो, पण कधी लक्ष दिलं नव्हतं.

आता त्या भिंतीचं सांगायला हवं. सिस्टरचे आईबाप ऊसतोडीला जायचे. सिस्टर वालूरला आत्याजवळ राहून शिकल्या, नर्स झाल्या, बहिणींची लग्नं केली आणि पन्नाशी उलटल्यावर परभणीत प्लॉट घेतला. घराचा पाया खणला त्याच आठवड्यात शेजारच्या काकांनी मधली भिंत तीन फूट वाढवली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पाया खणताना इकडं बुद्धवंदना झाली होती, ती सगळ्या गल्लीनं ऐकली होती, त्यामुळं कोणाला विचारावंही लागलं नाही. त्या दिवसापासून दोन घरांत शब्द नाही. मी राहायला आलो तेव्हा नऊ वर्षं झाली होती. भिंतीचा वरचा तीन फुटांचा भाग वेगळ्या विटांचा, गिलावा न केलेला, तो लांबूनही ओळखू यायचा. सिस्टर त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. फक्त गल्लीत काका समोरून आले, की त्या रस्ता बदलायच्या नाहीत, सरळ चालायच्या. रस्ता काकाच बदलायचे.

त्या काकांची फुप्फुसं दोन वर्षांपासून निकामी होत चालली होती. मुलगा पुण्याला, घरात काका आणि सून. ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू, त्याचीच ती घरघर.

“लाइट गेली का घरघर थांबती,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांचा इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतोय. मग ती पोरगी सिलिंडर वढत आणती. गेल्या आठवड्यात सिलिंडर बी रिकामा निघाला. ती रस्त्यावर रिक्षा बघत रडत व्हती. म्या गच्चीवरून बघितलं. लाइट आली म्हणून म्हातारं वाचलं.”

 मी म्हणालो, “सिस्टर, त्या माणसानं तुमच्यासाठी भिंत वाढवली.”

“व्हय. तो शेजारी झाला. पेशंट येगळा. दोन रजिस्टर एका जागी मांडत नसतेत.”

मी त्या बाईला पाच वर्षं चिक्कू म्हणत आलो होतो. त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या मला स्वतःचीच किळस आली.

सिस्टरची मुदत ठेव आमच्याच पतसंस्थेत होती. मुदत संपायला सात महिने बाकी. अर्ध्या टक्क्यासाठी मॅनेजरशी तासभर भांडणाऱ्या सिस्टरनी व्याजावर पाणी सोडून ती मोडली. पावती मीच भरली. सही करताना म्हणाल्या, “सात वर्षांत वसूल व्हायचंय म्हणता. मी सत्तरीची हाय. तवर जगंन का, ह्याचा हिशोब तुमी करायलाव, तेवढा करू नका.” सबसिडीचे अठ्ठ्याहत्तर हजार पुढं महिन्याभरानं खात्यावर आले, ते जसेच्या तसे बॅटरीवाल्याला गेले.

काम चालू असताना एकदा भाजीच्या गाड्याजवळ त्यांनी काकांच्या सुनेला गाठलं. मी शेजारीच वांगी निवडत होतो.

“उद्या भिंतीवरून एक वायर यील. तिच्यावर मशीन लावायचं. मशीनच. टीव्ही लावलास तर वायर तोडीन.”

सून रडवेली झाली. म्हणाली, “मामांजी घेणार न्हाईत वो. अन् पैसे—”

“त्याच्यावर मीटर बसवायलेय. जेवढं जळंल तेवढ्याचे दर महिन्याला देयाचे, घरच्याच दरानं. फुकट दिलं का उपकार व्हतो. मला त्यांच्यावर उपकार करायचा न्हाई.”

वायर गेली. वाढवलेल्या तीन फुटांवरूनच गेली, दुसरी वाटच नव्हती. जिन्याखाली चौथा सबमीटर बसला, त्याखाली चौथा तक्ता लटकला. त्याला नंबर मात्र दिला नव्हता.

सून म्हणाली तसंच झालं. काकांनी वायरला हात लावू दिला नाही. पहिल्या दिवशी तक्त्यावर शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. लाइट दोनदा गेली, दोन्ही वेळा सिलिंडर ओढल्याचा आवाज आला. सिस्टर मीटरपुढं उभ्या राहायच्या, शून्य लिहायच्या आणि कणीक मळायला जायच्या. मला राग यायचा. एवढा खर्च करून वर हा अपमान! आठव्या दिवशी सकाळी मीच आधी मीटर पाहिलं आणि त्यांना हाक मारली. आकडा हलला होता. अर्धा युनिट. काका हट्ट सोडून मशीन लावायला तयार झाले होते, की झोपेत असताना सुनेनं लावलं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. सिस्टरनी निळ्या पेनानं ठिपका काढला.  मग सात दिवसांच्या शून्यांवरून रेघ त्या ठिपक्यापर्यंत वर नेली.

पुढच्या मे महिन्यात दुपारी चारला वादळ आलं. आधी लाल धूळ, मग टपोरे थेंब, मग पिंगळीकडून येणारा रस्ता झाडं पडून बंद. खांब वाकले, तारा तुटल्या. वीज ऑफिसातून निरोप आला, की दोन दिवस धरून चला.

सिस्टर जिन्याखाली गेल्या आणि एकेक करून सगळ्यांचे मेन स्विच पाडले. आमच्या खोल्यांना बॅटरीवरून एक दिवा, एक पंखा मिळायचा. तोही बंद. त्यांचा स्वतःचा फ्रिज, दिवा, पंखा, सगळं बंद. घरात एकच तार जिवंत राहिली, भिंतीवरून जाणारी.

मी भडकलो. दोन वर्षांची लेक उकाड्यानं किंचाळत होती, अंगावर घामोळं उठलेलं. खाली जाऊन म्हणालो, “सिस्टर, भाडं आम्हीही देतो. निदान एक पंखा!”

“बॅटरी रातभर पुरती, मशीनपुरतीच. तुमचा पंखा लावला तर पहाटं बंद पडंल.” एवढं बोलून त्या आमच्या खोलीत आल्या. लेकीला उचललं, मांडीवर घेतलं आणि ओल्या पंच्यानं तिचं अंग पुसायला बसल्या. पुसायचं, पुठ्ठ्यानं वारा घालायचा, पुन्हा पुसायचं. त्या रात्री लेक झोपली. सिस्टर झोपल्या नाहीत. “तुमाला त्रास हाय. तिकडं म्हातारं मरंल,” एवढंच मला म्हणाल्या. 

सकाळी बॅटरीत बारा टक्के उरले होते. आभाळ भरलेलं. धूळ आणि थेंब मिसळून पाट्यांवर चिखलाचा थर बसलेला, त्यातून वीज कसली बनणार! सहाचा आकडा टिपून झाल्यावर सिस्टरनी साडीचा काचा मारला, बादली आणि जुनं लुगडं घेतलं आणि गच्चीवरच्या लोखंडी शिडीवर पाय ठेवला. सत्तर वर्षांची बाई. मी शिडी धरली, बेलीफ खालून पाण्याच्या बादल्या द्यायला लागला. त्या पाटीपाटीवर वाकून लुगडं फिरवत होत्या. मी वर यायला निघालो, तर म्हणाल्या, “शिडी सोडू नका. मी पडले तर बॅटरी कोण बघंल?”

नऊ वाजता बारा टक्के. दहाला अकरा. पलीकडच्या अंगणात सून दोन्ही हात जोडून आमच्या गच्चीकडं बघत उभी होती. तिच्याजवळ एकच भरलेला सिलिंडर होता आणि सिस्टरनी तो शेवटपर्यंत उघडायचा नाही, असं बजावलं होतं. अकराच्या सुमाराला ढग जरा पातळ झाले. ऊन असं नव्हे, नुसता पांढरा उजेड. सिस्टर इन्व्हर्टरपुढं स्टूल टाकून बसल्या होत्या. मी आणि बेलीफ त्यांच्या मागं, कामाला न जाता. बारा. पंधरा. दुपारी दोनला एकतीस. बेलिफानं डोळे पुसले आणि घाम आला म्हणाला.

लाइट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तोवर पलीकडची घरघर एकदाही थांबली नाही. आयुष्यात मी मोठी म्हणवणारी पुष्कळ माणसं पाहिली, काहींच्या पायाही पडलो. पण स्टुलावर बसून टक्के मोजणाऱ्या त्या बाईइतकं मोठं माणूस मला पुन्हा दिसलं नाही, आणि हे मी कोणापुढंही म्हणायला तयार आहे.

चार दिवसांनी सकाळी सिस्टर फाटकाजवळ भेंडी निवडून घेत होत्या. मी गाडी पुसत होतो. एवढ्यात काका आले. स्वतः चालत आले, नाकात नळी नाही, काही नाही. त्यांच्या फाटकापासून आमच्या फाटकापर्यंत वीसेक पावलं असतील, ती त्यांनी तीनदा थांबून टाकली. मागून सून “मामांजी, मामांजी” करत धावत येत होती. ते आमच्या फाटकाच्या गजाला धरून उभे राहिले. ओठ निळे पडले होते. हात जोडायला गेले, पण गज सोडता येईना. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी सिस्टरकडं पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

सिस्टरच्या हातातली भेंडी खाली पडली. त्यांनी फाटक उघडलं, काकांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडं बघू लागल्या.

“बोलू नका,” त्या म्हणाल्या. “बोलल्यानं दम लागतोय.”

काकांनी मनगट त्यांच्या हातात तसंच राहू दिलं.